दुसऱ्याने सोडलेल्या मशीनवर काम सुरू करताना

तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवताना विद्यार्थ्यांकडून सर्किट बोर्ड बनवून घेण्यासाठी मी अनेक वर्षे फेरिक क्लोराइडचाच वापर केला. तांब्याचा पातळ थर असलेल्या बोर्डावर शाईने आकृती उमटवायची आणि उघडे राहिलेले तांबे त्या गर्द तपकिरी द्रावणात विरघळू द्यायचे, ही पद्धत स्वस्त आहे आणि रसायनशास्त्र डोळ्यांसमोर घडताना दाखवणारीही आहे. मात्र काम संपल्यावर उरणाऱ्या, तांब्याचे क्षार मिसळलेल्या द्रावणाचे करायचे काय, हा प्रश्न दरवर्षी उभा राहत असे. ते मोरीत ओतायचे नाही हे मुलांना बजावायचे आणि भरलेले कॅन प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात साठवत जायचे, यात मला समाधान नव्हते. म्हणून तांबे विरघळवण्याऐवजी कोरून काढणारे छोटे मिलिंग मशीन शिकून घ्यायचे मी ठरवले आणि पुण्यातल्या एका सामायिक कार्यशाळेत नाव नोंदवले. ते मशीन सुरक्षितपणे चालवायला शिकताना जे पाहिले, जे पटले आणि जे अजून पुरते पटलेले नाही, ते येथे लिहीत आहे.

मशीन रोलँड कंपनीचे एसआरएम-२० होते. मेजावर मावणारे, २० किलोपेक्षा किंचित कमी वजनाचे आणि चहूबाजूंनी झाकलेले हे यंत्र सुमारे २०३ मिलिमीटर बाय १५२ मिलिमीटर एवढ्या जागेत काम करते. उंचीची मर्यादा साधारण ६० मिलिमीटर आहे. तांबे कापणारे बारीक हत्यार, म्हणजे कटर, फिरवणाऱ्या दांड्याची (स्पिंडलची) गती मिनिटाला ३००० ते ७००० फेऱ्यांपर्यंत ठेवता येते. ‘फॅब लॅब’ या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या सामायिक कार्यशाळांमध्ये या कंपनीची अशी छोटी यंत्रे नेहमी दिसतात, आणि महाराष्ट्राला ही कल्पना नवीन नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातील पाबळ येथे सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये फॅब लॅब उभी राहिली; अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या बाहेर सुरू झालेल्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ती एक. अशा ठिकाणी विद्यार्थी, शेतकरी, छोटे उद्योजक आणि हौशी माणसे एकाच यंत्रावर आळीपाळीने काम करतात. कारखान्यात एका मशीनचा एक ठरलेला कारागीर असतो आणि त्याला त्या मशीनची खोड ठाऊक असते. सामायिक कार्यशाळेत तसा कोणी नसतो. माझ्या मते तेथील सुरक्षिततेचा सारा प्रश्न या एका गोष्टीतून निर्माण होतो.

आम्हाला शिकवणारे काका पिंपरी-चिंचवडमधल्या एका कारखान्याच्या टूलरूममधून, म्हणजे हत्यारे-साचे बनवणाऱ्या विभागातून, निवृत्त झालेले होते. पहिल्या बैठकीत त्यांनी मशीन सुरूच केले नाही. प्रत्येकाला उभे करून त्यांनी केवळ अंगावरच्या वस्तू पाहिल्या. ओढणी, मोकळे केस, लांब बाह्या, गळ्यात लोंबणारी ओळखपत्राची दोरी, मनगटावरचा गंडा, घड्याळ, अंगठी, बांगड्या, लांब मंगळसूत्र. यातले जे काढता येईल ते काढायचे, जे काढायचे नसेल ते कपड्याच्या आत घट्ट राहील असे खोचायचे आणि केसांचा अंबाडा बांधायचा. चपला घालून आलेल्या दोन मुलांना त्यांनी त्या दिवशी परत पाठवले. मुलांना राग आला, पण मला ते पटले. कटरच्या अणकुचीदार तुकड्यांना आणि मेजावरून निसटलेल्या हत्यारांना पायाची बोटे समोरच सापडतात, आणि नियम पहिल्या दिवशी सैल सोडला तर पुढे तो नियम राहत नाही.

हातमोज्यांबाबत मात्र माझी समजूत उलटी होती, आणि वर्गातल्या बहुतेकांची तशीच होती. धारदार वस्तूजवळ जायचे तर हातमोजे हवेत, असे आपल्याला सहज वाटते. फिरणाऱ्या कटरजवळ हातमोजा घालणे हे उघड्या हातापेक्षा अधिक धोक्याचे आहे, कारण कापडाचा किंवा रबराचा एक धागा जरी कटरला अडकला तरी मोजा गुंडाळला जातो आणि आतले बोट त्याच्याबरोबर ओढले जाते. उघड्या बोटाला चीर पडेल. मोज्यातले बोट सुटणार नाही. मोठ्या मिलिंग मशीनवर आणि ड्रिलवर असे अपघात होतात, म्हणूनच हा नियम तेथून आला आहे. काका म्हणाले, “ताई, मशीन लहान आहे म्हणून नियम लहान करायचा नाही. मोजे घालायचे ते स्पिंडल बंद झाल्यावर, कीस उचलताना.” चष्मा मात्र दोन्ही वेळा हवाच, आणि तो बाजूंनीही बंद असलेला. नंबरचा चष्मा त्याच्या जागी चालत नाही, कारण बाजूने येणारा कण तो अडवत नाही.

कपड्यांनंतरचा धडा मशीनकडे पाहण्याचा होता आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा तोच ठरला. आपल्या आधी कोणीतरी या मशीनवर काम केलेले असते आणि त्याने मशीन कोणत्या अवस्थेत सोडले आहे हे आपल्याला ठाऊक नसते. कोलेटमध्ये, म्हणजे कटर पकडणाऱ्या खोबणीत, कटर तसाच राहिलेला असू शकतो, तो टवका उडालेला असू शकतो, स्क्रू अर्धवट आवळलेला असू शकतो, बेडवर, म्हणजे काम ठेवायच्या सपाट पाटावर, जुन्या टेपचा चिकट थर असू शकतो आणि संगणकात त्या माणसाने ठरवलेला शून्यबिंदू, म्हणजे कटरची हालचाल जेथून मोजली जाते ती जागा, तसाच साठवलेला असू शकतो. यातली शेवटची गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. म्हणून आमच्या कार्यशाळेत नियम असा आहे, की मागच्या माणसाने “सगळे नीट आहे” असे सांगितले तरी ते ऐकून घ्यायचे आणि सर्व काही पुन्हा तपासायचे. यात त्या माणसावर अविश्वास दाखवण्याचा प्रश्न येत नाही. त्याच्या कामासाठी मशीन नीटच होते. आपले काम वेगळे आहे.

कटरच्या डब्या हे याचे चांगले उदाहरण आहे. सर्किट बोर्डावरच्या रेघा कोरण्यासाठी एक चौसष्टांश इंचाचा, म्हणजे साधारण ०.४ मिलिमीटर व्यासाचा एंड मिल, म्हणजे टोकाने आणि कडेने कापणारा कटर, वापरतात आणि बोर्ड बाहेरच्या कडेने कापून वेगळा करण्यासाठी एक बत्तिसांश इंचाचा, म्हणजे साधारण ०.८ मिलिमीटरचा. दोघांचा दांडा सारखाच, ३.१७५ मिलिमीटरचा असतो. दूरून पाहिले तर दोन्ही एकसारखे दिसतात आणि घाईत एक दुसऱ्याच्या डबीत जातो. हा फरक किरकोळ नाही. सारख्या लांबीच्या दोन दांड्यांमध्ये वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो; म्हणजे व्यास निम्मा झाला की तो विरोध सोळाव्या हिश्शावर येतो. जाड कटरसाठी ठरवलेल्या खोलीवर आणि वेगावर बारीक कटर चालवला तर तो पहिल्याच वळणावर तुटतो आणि तुटलेले कार्बाइडचे टोक कोणत्या दिशेला जाईल हे कोणी सांगू शकत नाही. कटर ज्याचा बनवलेला असतो ते कार्बाइड अतिशय कठीण असते, पण ठिसूळही असते. ते वाकत नाही, थेट तुटते. त्यामुळे डबीवरचे लेबल वाचून थांबायचे नाही, तर कटर भिंगाखाली धरून त्याचे टोक पाहायचे, ही सवय मी लावून घेतली. नव्या कटरचे टोक चौकोनी आणि कडा स्वच्छ दिसतात; झिजलेल्याच्या कडेवर उजेड चमकतो.

यानंतर बोर्ड. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग घेणाऱ्याला दुकानदार हमखास विचारतो, “हायलम देऊ की ग्लास इपॉक्सी?” हायलम म्हणजे कागदाचे थर फिनॉलिक रेझिनमध्ये दाबून बनवलेला, तपकिरी, अपारदर्शक बोर्ड, ग्लास इपॉक्सी म्हणजे काचेच्या धाग्यांचे विणलेले कापड इपॉक्सीमध्ये बसवलेला, तांबे नसलेल्या भागात किंचित पारदर्शक आणि विणीची नक्षी दाखवणारा बोर्ड. ग्लास इपॉक्सी मजबूत आहे, उष्णता अधिक सोसतो, आणि बाजारातून बनवून येणारे जवळजवळ सर्व बोर्ड त्याचेच असतात. म्हणून विद्यार्थी तोच घेऊन येतात. आमच्या कार्यशाळेत मात्र या मशीनवर त्याला बंदी आहे. काच कोरली की तिच्या धाग्यांचा अत्यंत बारीक चुरा हवेत मिसळतो, तो त्वचेला आणि डोळ्यांना टोचतो आणि श्वासावाटे आत गेल्यास घसा व फुप्फुसे यांना त्रास देतो. शिवाय काचेमुळे कटरची धार झपाट्याने जाते, धार गेलेला कटर कापण्याऐवजी घासतो, आणि घासल्याने चुरा आणखी बारीक होतो. मशीनवरचे झाकण हवाबंद नसते, हे येथे ध्यानात ठेवायला हवे; ते उडणारा तुकडा अडवते, तरंगणारी धूळ अडवत नाही. हायलमचा चुराही श्वासावाटे घेण्यासारखा नाहीच, त्याला फिनॉलचा उग्र वास येतो आणि त्यासाठीही एन-९५ प्रकारचा मास्क लावावा लागतो; परंतु त्यात काच नाही, हा फरक फार मोठा आहे.

माझ्याबरोबर शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने कोणता बोर्ड आहे हे न पाहता, दुकानदाराने हायलम म्हणून दिला म्हणून तो हायलमच असे धरले होते. काकांनी त्याला बोर्डाची तांबे नसलेली बाजू उजेडात धरायला लावली आणि विणीचे चौकोन दिसताच बोर्ड बाजूला ठेवला. तपासायला काही क्षण पुरतात, आणि हे काम विकणाऱ्याच्या शब्दावर सोपवता येत नाही.

बोर्ड बेडवर बसवणे हे दिसायला साधे आणि खरे तर सर्वांत वेळ घेणारे काम आहे. मशीनच्या धातूच्या बेडवर आधी एक टाकाऊ फळी चिकटवतात आणि तिच्यावर बोर्ड. बोर्डाची जाडी साधारण १.६ मिलिमीटर असते आणि कडा कापताना कटर त्याहून थोडा खोल, १.८ मिलिमीटरपर्यंत जातो. खाली फळी नसेल तर कार्बाइड थेट धातूवर आदळेल. आता रेघा कोरण्याचे गणित पाहावे. बोर्डावरचा तांब्याचा थर बहुधा ३५ मायक्रॉन, म्हणजे ०.०३५ मिलिमीटर जाडीचा असतो आणि आपण ०.१ मिलिमीटर खोल कोरतो. याचा अर्थ बोर्डाचा एखादा भाग ०.०६५ मिलिमीटरपेक्षा अधिक खाली बसला असेल, तर तेथे तांबे पूर्ण निघणारच नाही. टेपची एक सुरकुती किंवा दोन पट्ट्यांची एकमेकींवर चढलेली कड एवढा फरक सहज पाडते. म्हणून दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप पट्ट्यापट्ट्यांनी, शेजारी शेजारी, एकमेकींवर न चढवता आणि बोर्डाच्या संपूर्ण पाठीवर लावायची. फक्त चार कोपऱ्यांवर लावून भागत नाही. कोपऱ्यांवर चिकटवलेला बोर्ड मध्यभागी थरथरतो आणि शेवटी कडा कापली जात असताना सुटून कटरबरोबर फिरू शकतो. रेघा आधी, मग भोके आणि बाहेरची कडा सर्वांत शेवटी, हा क्रमही याचसाठी आहे.

फळीचा पृष्ठभाग हादेखील इतरांचा वारसा असतो. अनेकांच्या कडा त्याच फळीवर कापल्या गेल्याने तिच्यावर खाचा पडतात, जुन्या टेपचे अवशेष राहतात आणि हळूहळू ती असमान होते. आमच्या कार्यशाळेत ठरावीक काळाने ती मशीनवरच जाड कटरने वरून तासून सपाट करतात. ही तासणी ठरलेल्या वेळी झाली आहे की नाही, हे नोंदवहीत पाहिल्याशिवाय मी बोर्ड चिकटवत नाही.

कटर कोलेटमध्ये बसवताना मशीनचे झाकण उघडे असते आणि स्पिंडल थांबलेले असते, तरीही या वेळी घाई करणे महागात पडते. कटर किती आत घालायचा हे आधी ठरवावे लागते. फार बाहेर राहिला तर तो लांब दांड्यासारखा कंप पावतो. फार आत गेला तर खोल कापताना कोलेटच बोर्डाला टेकतो. नंतर उंचीचे शून्य ठरवायचे असते. स्पिंडल बोर्डाच्या अगदी जवळ आणायचे, पण त्याला अजून खाली जायला पुरेशी जागा उरली आहे ना हे पडद्यावरच्या आकड्यावरून पाहायचे. ती उरली नसेल तर शून्य ठरवता येईल, पण प्रत्यक्ष कोरताना मशीन खाली जाऊच शकणार नाही. मग एका हाताच्या बोटांनी कटरचा दांडा धरून ठेवत दुसऱ्या हाताने अ‍ॅलन कीने कोलेटचा स्क्रू सैल करायचा, कटर स्वतःच्या वजनाने नव्हे तर बोटांच्या आधाराने अलगद खाली येऊ द्यायचा, टोक तांब्याला टेकले की दांड्यावर किंचित दाब ठेवून स्क्रू आवळायचा आणि तीच उंची शून्य म्हणून नोंदवायची. कटर नुसता सोडून दिला तर तो काही मिलिमीटरच पडतो, पण ०.४ मिलिमीटरचे टोक तुटायला एवढे पडणे पुरते. स्क्रूही मुठीत अ‍ॅलन की धरून पिळायचा नाही. की दोन बोटांत धरून घट्ट करायचा. स्क्रूचे आटे गेले तर पुढच्या प्रत्येक माणसाचा कटर फिरता फिरता सैल होण्याचा धोका राहतो. आवळून झाल्यावर अ‍ॅलन की लगेच तिच्या ठरलेल्या जागी, मशीनच्या बाहेर ठेवायची. स्पिंडलजवळ विसरलेली की हे मोठ्या यंत्रांवरचे जुने दुखणे आहे आणि ते लहान यंत्रालाही लागू आहे.

आता त्या न दिसणाऱ्या गोष्टीकडे, म्हणजे संगणकातल्या शून्यबिंदूकडे येते. एका सकाळी माझ्या आधी कोणीतरी थेट बेडवर ठेवलेल्या पातळ पत्र्यावर काम केले होते आणि त्याचे उंचीचे शून्य तसेच साठवलेले होते. माझा बोर्ड मात्र फळीवर, म्हणजे बऱ्याच वर होता. मशीन एका रेघेवरून दुसऱ्या रेघेकडे जाताना कटर शून्याच्या वर साधारण २ मिलिमीटर उचलते आणि मग वेगाने सरकते. शून्यच फळीच्या खाली असेल तर हे ‘उचललेले’ कटरही फळीच्या आत असते. ते सरकताना बोर्ड, फळी आणि कटर या तिघांचीही वाट लागली असती. हे लक्षात आले ते तपासणीच्या क्रमामुळे. आम्हाला शिकवलेला क्रम असा आहे: प्रथम पडद्यावरचे तिन्ही आकडे वाचून नोंदवहीत लिहायचे, मग आडवा आणि उभा शून्यबिंदू ठरवायचा, मग उंचीचा, आणि पुन्हा तिन्ही आकडे वाचून पहिल्याशी ताडून पाहायचे. दोन्ही वेळचे आकडे सारखेच आले तर आपले शून्य साठवलेच गेले नाही असे समजायचे. त्यानंतरही थेट कोरायला सुरुवात करायची नाही. उंचीचे शून्य मुद्दाम काही मिलिमीटर वर ठरवून, झाकण बंद करून संपूर्ण काम एकदा हवेत चालवून पाहायचे आणि कटर बोर्डाच्या हद्दीबाहेर जातो का, टेपवर किंवा स्क्रूवर येतो का, हे डोळ्यांनी पाहायचे. अनेकांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. माझे मत याच्या अगदी विरुद्ध आहे. सामायिक मशीनवर एकच पायरी ठेवायची मुभा दिली, तर मी हवेत फिरवून पाहण्याचीच ठेवीन, कारण आपण स्वतः तपासायला विसरलेल्या गोष्टीही ती पायरी उघड करते.

वेग आणि खोलीचे आकडे आमच्या कार्यशाळेत मशीनशेजारी लावलेले आहेत आणि ते का निवडले हे काकांनी समजावून सांगितले. बारीक कटरसाठी खोली ०.१ मिलिमीटर आणि सरकण्याचा वेग सेकंदाला ४ मिलिमीटर, म्हणजे मिनिटाला २४० मिलिमीटर. स्पिंडल मिनिटाला ७००० फेरे घेत असेल आणि कटरला दोन धारा असतील, तर प्रत्येक धार एका वेळी सुमारे १७ मायक्रॉन माल काढते. वेग दुप्पट केला तर हा घास दुप्पट होतो आणि बारीक कटर वाकून तुटतो, हे सर्वांना सहज समजते. उलट बाजू मात्र लवकर ध्यानात येत नाही: वेग फार कमी केला तर धारेला कापण्याइतका माल मिळत नाही, ती नुसती घासत राहते, तापते आणि हायलमला करपल्याचा वास येऊ लागतो. “जपून करते, हळू चालवते” हा विचार येथे सुरक्षित नाही. जाड कटरने कडा कापताना १.८ मिलिमीटरची खोली ०.६ मिलिमीटरच्या तीन फेऱ्यांत विभागली जाते, तीही याच हिशेबाने.

काम सुरू झाले की मशीनसमोरून हलायचे नाही. एखादा छोटा बोर्ड कोरायलाही बराच वेळ लागतो आणि एवढा वेळ कटरकडे पाहत बसणे कंटाळवाणे असते. “जरा चहा घेऊन येते, तुम्ही लक्ष ठेवा” असे शेजारच्याला सांगण्याचा मोह सर्वांना होतो. पण शेजारच्याला माझे काम कसे दिसायला हवे हे ठाऊक नसते. नीट चाललेल्या कापणीचा आवाज एकसारखा, बारीक आणि स्थिर असतो. बोर्ड सुटायला लागला की त्यात थरथर येते, धार गेली की आवाज चिरका होतो, आणि कटर तुटला की आवाज अचानक हलका होतो, पण मशीन मात्र काही घडलेच नाही अशा रीतीने पुढे चालत राहते, कारण कटरला टोक आहे की नाही हे त्याला कळत नाही. हे ओळखण्याचे काम समोर बसलेल्या माणसाचेच आहे. वास हीसुद्धा सूचना असते. करपल्याचा वास आला की आधी थांबवायचे, कारण नंतर शोधायचे. जवळच कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक नळकांडे ठेवलेले असते, आणि विजेच्या यंत्रावर पाणी मारायचे नाही हे प्रत्येकाकडून तोंडी वदवून घेतले जाते.

या मशीनचे झाकण काम चालू असताना उघडले की ते तत्काळ थांबते. ही सोय उत्तम आहे. मात्र रोजचे काम थांबवण्यासाठी तिचा वापर करू नये, असे मला वाटते. थांबवायचे तर संगणकावरून थांबवावे, कटर वर गेला आणि पूर्ण स्थिर झाला हे पाहावे आणि मगच झाकणाला हात लावावा. झाकणाचा स्विच ही आपल्या चुकीनंतरची शेवटची भिंत आहे, आणि शेवटच्या भिंतीवर रोज टेकायचे नसते. मी दुसऱ्या एका ठिकाणी झाकणाचा असाच स्विच चिकटपट्टीने दाबून ठेवलेला पाहिला. चुरा जवळून साफ करता यावा म्हणून कोणीतरी ती सोय केली होती आणि पुढे आलेल्यांना ती दिसलीही नव्हती. तेथे काम करणारा प्रत्येक जण आपल्यामागे एक संरक्षण आहे असे मानून चालला होता, जे प्रत्यक्षात नव्हते. तेव्हापासून मी सकाळी पहिल्यांदा कोलेटमध्ये कटर नसताना स्पिंडल फिरवते, झाकण उचलते आणि ते खरोखर थांबते का पाहते.

वीज जाणे हा आपल्याकडचा नेहमीचा प्रसंग आहे आणि त्याची तयारी वेगळी करावी लागते. वीज गेली त्या क्षणी कटर बोर्डाच्या आत रुतलेला असू शकतो. आमच्याकडे शिरस्ता असा, की आधी मशीनचा स्विच आणि भिंतीवरचे बटण दोन्ही बंद करायचे, म्हणजे वीज परतल्यावर काहीही आपोआप हलणार नाही. वीज स्थिर झाल्यावर मशीन सुरू करायचे, कटर काढून भिंगाखाली तपासायचा आणि शून्यबिंदूंची सर्व तपासणी पहिल्यापासून करायची. अर्धवट राहिलेले काम जेथे थांबले तेथून पुढे चालू करण्याचा प्रयत्न करायचा नाही. अर्धा कोरलेला बोर्ड वाया गेला तर वाईट वाटते, विशेषतः विद्यार्थ्यांना. पण बोर्डाची किंमत कटरपेक्षा कमी आहे आणि डोळ्याच्या मोलापुढे तिचा विचारही करायचा नाही.

काम संपल्यानंतरच्या वेळेबद्दल मला विशेष सांगायचे आहे, कारण मी या कार्यशाळेत पाहिलेली रक्त आलेली एकमेव जखम मशीन बंद असताना झाली. चिकटलेला बोर्ड फळीवरून सोडवण्यासाठी चपटे पाते खाली सरकवतात. एका सदस्याने ते स्वतःच्या दुसऱ्या हाताच्या दिशेने ढकलले, टेप अचानक सुटली आणि पाते तळव्यात गेले. पाते नेहमी अंगापासून आणि दुसऱ्या हातापासून दूर ढकलायचे, आणि त्याआधी कटर कोलेटमधून काढून डबीत ठेवायचा, म्हणजे वाकून काम करताना मनगट त्याच्या टोकावर घासणार नाही. चुरा तोंडाने फुंकायचा नाही आणि दाबाच्या हवेने उडवायचा नाही. दोन्ही प्रकारांत तो खोलीभर पसरतो आणि शेवटी कोणाच्या तरी श्वासात जातो. बारीक धूळ अडवणाऱ्या हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम वापरायचा, कारण घरगुती व्हॅक्यूमच्या साध्या पिशवीतून बारीक चुरा मागच्या बाजूने पुन्हा बाहेर येतो. उरलेला चुरा ओलसर फडक्याने पुसायचा, मास्क त्यानंतरच काढायचा आणि काही खाण्याआधी हात साबणाने धुवायचे.

नोंदवहीत आम्ही तारीख आणि नाव यांच्याबरोबर कोणता कटर वापरला, तो कोणत्या अवस्थेत परत ठेवला, फळीवर कितपत खोल खाचा पडल्या, शून्यबिंदूचे आकडे काय होते आणि काही वेगळे ऐकू आले का, हे लिहितो. भिंतीवर लावलेली लांबलचक नियमावली कोणी वाचत नाही, हे मला कार्यशाळेच्या चालकांना सांगावेसे वाटते आणि सांगितलेही आहे. नोंदवही मात्र प्रत्येकाला उघडावीच लागते, त्यामुळे महत्त्वाचे चार नियम तिच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर छापावेत, अशी सूचना मी केली आणि ती मान्य झाली.

सध्या मी माझ्या विद्यार्थ्यांना दोन-दोनच्या जोडीने तेथे नेते. एक जण काम करतो आणि दुसरा तपासणीचे आकडे मोठ्याने वाचतो. पुढच्या वेळी भूमिका बदलतात. तंत्रनिकेतनातले फेरिक क्लोराइड पूर्ण बंद झालेले नाही, पण त्याचे कॅन आता कमी भरतात. ग्लास इपॉक्सीची गरज असलेले बोर्ड आम्ही बाहेरून बनवून घेतो. या मशीनला कटरजवळूनच धूळ ओढून घेणारी नळी आणि योग्य फिल्टर बसवला, तर ग्लास इपॉक्सीला परवानगी देता येईल का, याचा विचार कार्यशाळेत चालू आहे. मी त्याला होकार दिलेला नाही. नळी बसली तरी फिल्टर वेळेवर कोण बदलणार आणि तो बदलला गेला हे पुढच्याला कसे कळणार, याचे उत्तर नोंदवहीत लिहिता येईल अशा स्वरूपात मिळेपर्यंत बंदी राहावी, असे मी लेखी कळवले आहे.